‘रिॲक्टिव्ह’ या शब्दाचा अर्थ : हिपॅटायटीस सी ची रक्तचाचणी समजून घेताना



शस्त्रक्रियेपूर्वी, डायलिसिस सुरू करण्यापूर्वी, रक्तदानानंतर किंवा आखाती देशांतील नोकरीसाठी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत ज्या रक्तचाचण्या केल्या जातात, त्यांत ‘ॲन्टी-एचसीव्ही’ नावाची एक चाचणी असते. बहुतेकांच्या अहवालात तिच्यापुढे ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ असे छापून येते आणि तो कागद फाईलमध्ये जाऊन पडतो. काहींच्या अहवालात मात्र ‘रिॲक्टिव्ह’ एवढा एकच शब्द येतो आणि त्या घराची झोप उडते. पालम, गंगाखेड, लोहा या पट्ट्यातील खेड्यांत कुटुंबभेटींना जाताना असा कागद आमच्या हाती अनेकदा ठेवण्यात आला आहे. अहवाल इंग्रजीत असतो, प्रयोगशाळेतला मनुष्य घाईत असतो, डॉक्टरांपुढे रांग असते. आणि मग इंग्रजी वाचू शकणारा माणूस म्हणून तो कागद धर्मगुरूंकडे येतो. आम्ही वैद्य नाही आणि औषध सांगणे हे आमचे काम नव्हे. परंतु त्या कागदावर काय लिहिले आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय लिहिलेले नाही, हे सांगणे आम्हांस शक्य आहे.

मुख्य गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. ‘रिॲक्टिव्ह’ याचा अर्थ हिपॅटायटीस सी चा विषाणू त्या व्यक्तीच्या शरीरात केव्हातरी शिरला असावा, असा संकेत मिळाला आहे. तो विषाणू आज शरीरात आहे की नाही, हे ही चाचणी सांगत नाही. तिच्या रचनेमुळे ती ते सांगूच शकत नाही. त्यासाठी दुसरी चाचणी करावी लागते. पहिल्या कागदानंतर दुसरी चाचणी न करता थांबणे, हीच आपल्या भागातील खरी अडचण आहे. काही जण भीतीने थांबतात, काही निश्चिंतपणे थांबतात, आणि दोघांचेही नुकसान होते.

आपल्याकडे ‘कावीळ’ या एकाच शब्दाखाली पुष्कळ आजार येतात. दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारी कावीळ प्रामुख्याने हिपॅटायटीस ए आणि ई या विषाणूंमुळे होते. २०१२ साली इचलकरंजीत पसरलेली मोठी साथ ई प्रकाराची होती. डोळे पिवळे होतात, अन्न नकोसे होते आणि बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. गळ्यात मुळ्यांची माळ घालणारे, नाकात रस सोडणारे, दंडावर डाग देणारे ‘कावीळ उतरविणारे’ यांची कीर्ती या आपोआप बऱ्या होणाऱ्या काविळीवरच उभी आहे. हिपॅटायटीस बी आणि सी यांची गोष्ट निराळी आहे. हे दोन्ही विषाणू रक्तावाटे शिरतात आणि यकृतात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकू शकतात. बी प्रकाराला आपले लोक ‘पांढरी कावीळ’ म्हणतात आणि पुष्कळदा सी ची गणनाही त्यातच करतात. कारण डोळे पिवळे न होताच यकृत आतून खराब होत जाते. सी ची लागण झालेल्या बहुतेकांना आरंभी काहीही जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार लागण झालेल्यांपैकी सरासरी ३० टक्के लोकांच्या शरीरातून हा विषाणू सहा महिन्यांत कोणत्याही औषधाविना निघून जातो. उरलेल्या सुमारे ७० टक्क्यांत तो टिकून राहतो आणि त्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना वीस वर्षांच्या आत यकृत आक्रसण्याचा विकार, म्हणजे सिरॉसिस, होण्याचा धोका असतो. हे ३० आणि ७० चे प्रमाण वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

चाचणी नेमके काय शोधते?

या विषाणूचा शोध कसा लागला हे पाहिले की ही चाचणी आपोआप समजते. १९७० च्या दशकात हिपॅटायटीस ए आणि बी ओळखण्याच्या चाचण्या उपलब्ध झाल्या, तरीही रक्त घेतलेल्या रुग्णांपैकी काहींना कावीळ होतच राहिली. अमेरिकेतील हार्वे आल्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हा ए नाही आणि बी ही नाही, असा तिसराच कोणी आहे. त्याला अनेक वर्षे ‘नॉन-ए नॉन-बी’ असे नकारार्थी नाव होते. सूक्ष्मदर्शकाखाली तो सापडेना, प्रयोगशाळेत वाढेना. अखेर १९८९ साली मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट्या बाजूने जाळे टाकले. आजारी माणसाच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध लढणारी प्रतिपिंडे असणारच, असा त्यांचा विचार होता. बाधित चिंपांझीच्या रक्तातून मिळविलेल्या जनुकीय तुकड्यांपासून त्यांनी असंख्य प्रथिने तयार केली आणि रुग्णाची प्रतिपिंडे त्यांतील कोणाला चिकटतात ते पाहिले. एक तुकडा चिकटला. तोच हिपॅटायटीस सी. आल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस या तिघांना २०२० सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच शोधमालिकेसाठी.

प्रतिपिंड म्हणजे शरीराने विशिष्ट शत्रूला पकडण्यासाठी तयार केलेले प्रथिन. प्रत्येक शत्रूसाठी त्याचा साचा वेगळा असतो. शत्रू निघून गेला तरी तो साचा आणि त्यातून घडलेली प्रतिपिंडे पुष्कळ वर्षे, अनेकांच्या बाबतीत आयुष्यभर, रक्तात राहतात. शेतातून रानडुक्कर जाऊन बरेच दिवस लोटले तरी चिखलात वाळलेला खुरांचा ठसा दिसत राहतो, तसे हे आहे. ठसा पाहून ‘जनावर आले होते’ असे म्हणता येते. ‘जनावर आत्ता शेतात आहे’ असे म्हणता येत नाही.

मोठ्या प्रयोगशाळांत ही चाचणी एलायझा पद्धतीने होते. प्लॅस्टिकच्या तबकडीत ९६ छोट्या वाट्या असतात व त्यांच्या तळाला विषाणूची कृत्रिमरीत्या बनविलेली प्रथिने चिकटविलेली असतात. तीत रुग्णाच्या रक्तातील द्रव सोडतात. प्रतिपिंडे असतील तर ती तळाला घट्ट धरून बसतात, नसतील तर धुण्यात वाहून जातात. मग रंग आणणारे दुसरे द्रव्य सोडतात. जेथे काही धरून बसले आहे तेथे रंग चढतो. यंत्र त्या रंगाची तीव्रता मोजते आणि एका ठरावीक मर्यादेशी तिची तुलना करते. आणखी नव्या यंत्रांत रंगाऐवजी प्रकाश मोजतात, तत्त्व तेच. ग्रामीण रुग्णालयात किंवा शिबिरात जी ‘कार्ड टेस्ट’ करतात तीही याच जातीची. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब पट्टीवर टाकतात आणि काही मिनिटांत रेघ किंवा ठिपका उमटतो. नियंत्रणाची रेघ उमटली नाही तर ते कार्डच बाद समजावे, दुसरे घ्यावे.

येथे एका नित्याच्या गैरसमजाविषयी बोलले पाहिजे. एलायझाच्या अहवालात ‘रिॲक्टिव्ह’ शब्दासोबत अनेकदा एक आकडाही असतो, उदाहरणार्थ ८.४ किंवा १४.२. लोक तो साखरेच्या आकड्यासारखा वाचतात. ‘भावाचा आठ आहे, माझा चौदा आहे, म्हणजे माझा आजार जास्त’ असा हिशेब आम्ही कानांनी ऐकला आहे. हा हिशेब चुकीचा आहे. तो आकडा रंग मर्यादेच्या किती पट होता एवढेच सांगतो. आकडा एकच्या जवळपास असेल तर निकाल संशयास्पद असण्याची शक्यता अधिक, आणि पुष्कळ मोठा असेल तर प्रतिपिंडे खरोखर असण्याची शक्यता अधिक, इतकाच त्याचा उपयोग. रक्तात विषाणू किती आहेत याच्याशी, अथवा यकृताची हानी किती झाली याच्याशी त्याचा संबंध नाही.

एक साधे गणित

आता त्या ३० आणि ७० च्या प्रमाणाकडे वळू. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोळा केलेल्या रक्तनमुन्यांची पुढे तपासणी झाली, तेव्हा देशभरात ०.३२ टक्के लोकांच्या रक्तात हिपॅटायटीस सी ची प्रतिपिंडे आढळली. म्हणजे दहा हजारांत साधारण ३२. समजा आपल्या भागातील सरसकट दहा हजार लोकांची चाचणी केली, आणि समजा ती चाचणी इतकी चांगली आहे की प्रतिपिंडे नसलेल्या शंभर लोकांत ती एकाच्याच बाबतीत चुकते. तरीसुद्धा दहा हजारांत सुमारे शंभर लोकांना ‘रिॲक्टिव्ह’ असा चुकीचा कागद मिळेल. खरे ३२ आणि चुकीचे १००, मिळून १३२ कागद. त्या खऱ्या ३२ पैकी सुमारे दहा जणांच्या शरीरातून विषाणू स्वतःहून गेलेला असेल. उरले २२. म्हणजे १३२ कागदांमागे प्रत्यक्ष विषाणू बाळगणारे २२. सहा कागदांमागे एक.

हे गणित समजुतीसाठी आहे. चांगल्या प्रयोगशाळेतील आजच्या चाचण्या याहून कमी चुकतात. शिवाय जेथे मुळातच लागण अधिक असण्याचा संभव आहे, उदाहरणार्थ वर्षानुवर्षे डायलिसिस घेणारे, वारंवार रक्त घ्यावे लागणारे थॅलॅसेमियाचे रुग्ण, नशेच्या सुया सामायिक वापरणारे, तेथे हे प्रमाण पार उलटते व बहुतेक ‘रिॲक्टिव्ह’ कागद खरे ठरतात. परंतु ज्याला कोणताही विशेष धोका नाही, ज्याची चाचणी केवळ हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वीचा रिवाज म्हणून झाली, अशा माणसाने त्या एका शब्दावरून स्वतःला रोगी ठरवू नये.

आमच्या परिचयातील दोन घटना सांगतो. गावे आणि नावे अर्थातच देत नाही. एका विवाहितेची गर्भाशयाची शस्त्रक्रिया ठरली होती. चाचणी ‘रिॲक्टिव्ह’ आली. एका रुग्णालयाने शस्त्रक्रिया पुढे ढकलली आणि कारण नीट सांगितले नाही. घरी सासूबाईंनी तिचे ताट, तांब्या, अंथरूण वेगळे केले; नातवाला तिच्याजवळ जाऊ देईनात. सुमारे दोन वर्षे ती बाई ओसरीच्या कडेला बसून जेवली. पुढे तिच्या भावाने तिला परभणीला नेऊन दुसरी चाचणी करविली. विषाणू नव्हताच. दुसरी घटना एका ऊसतोड टोळीतील मुकादमाची. त्याला कोणीतरी सांगितले की प्रतिपिंडे म्हणजे रोगाशी लढणारी शक्ती, ती आहेत म्हणजे चांगलेच आहे. त्याने कागद खिशात घातला आणि कारखान्यावर निघून गेला. काही वर्षांनी पोटात पाणी भरले तेव्हा तो परत दवाखान्यात आला. देवी-गोवराच्या बाबतीत प्रतिपिंडे माणसाचे रक्षण करतात हे खरे आहे. हिपॅटायटीस सी च्या बाबतीत करीत नाहीत. हा विषाणू आपले रूप इतक्या झपाट्याने बदलतो की जुना साचा त्याला अडवू शकत नाही. याच कारणाने त्यावर अद्याप लस निघालेली नाही. बी वर लस आहे, ती अवश्य घ्यावी. पण ती सी पासून वाचवीत नाही.

दुसरी चाचणी

या दुसऱ्या चाचणीला ‘एचसीव्ही आर.एन.ए.’ किंवा बोलीत ‘व्हायरल लोड’ म्हणतात. ती ठसा शोधत नाही, प्रत्यक्ष विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधते. अहवालात ‘आढळला नाही’ असे आले तर आज रक्तात विषाणू नाही. मग त्याचे कारण पहिली चाचणी चुकली हे असो, किंवा विषाणू येऊन गेला हे असो. व्यवहारात उपचाराची गरज नसते. अलीकडेच धोक्याचा प्रसंग घडला असेल तर मात्र डॉक्टर काही महिन्यांनी चाचणी पुन्हा करावयास सांगतात. ‘आढळला’ असे आले तर विषाणू आहे आणि त्यावर उपचार घ्यायचा आहे. यकृताच्या नेहमीच्या चाचण्या किंवा सोनोग्राफी चांगली आली म्हणून ही चाचणी टाळू नये. विषाणू असतानाही त्या पुष्कळ वर्षे निर्दोष येऊ शकतात.

खाजगी प्रयोगशाळेत या चाचणीला काही हजार रुपये लागतात आणि बरेच लोक तेथेच अडतात. परंतु २८ जुलै २०१८ रोजी, जागतिक हिपॅटायटीस दिनी, केंद्र शासनाने राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याखाली शासकीय उपचार केंद्रांत तपासणी आणि औषधे दोन्ही निःशुल्क दिली जातात. ही चाचणी क्षयरोगाच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या लहान यंत्रांवरही होऊ शकते. त्यांतील ट्रूनॅट हे यंत्र तर गोव्यातील कंपनीने विकसित केलेले आहे. पालमच्या वाचकांनी आपला ‘रिॲक्टिव्ह’ कागद घेऊन प्रथम ग्रामीण रुग्णालयात किंवा थेट परभणीच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. ज्यांना नांदेड सोयीचे पडते त्यांनी तेथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे.

उपचाराविषयी थोडक्यात. पूर्वी इंजेक्शने घ्यावी लागत, ती वर्षभर चालत आणि त्यांचा त्रास आजाराहून असह्य वाटे. आता यकृत आक्रसलेले नसेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटॅसविर या गोळ्या रोज एकदा, १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस घ्यायच्या असतात. आक्रसलेले असेल तर गोळ्यांची जोडी बदलते आणि काहींना अधिक काळ घ्यावी लागते. नियमाने औषध घेणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक बरे होतात. औषध संपल्यानंतर १२ आठवड्यांनी पुन्हा आर.एन.ए. चाचणी करतात, त्या वेळी विषाणू आढळला नाही तर रोग बरा झाला असे मानतात. औषध सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटीस बी ची चाचणी झालीच पाहिजे, कारण दोन्ही विषाणू असतील तर सी जाताना बी उसळू शकतो. हृदयाच्या ठोक्यांसाठीची गोळी, आम्लपित्ताची गोळी, गावातील वैदूची जडीबुटी, जे काही चालू असेल ते डॉक्टरांना न लपविता सांगावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी एक व्यावहारिक सूचना करतो. ८४ दिवसांचे औषध आणि त्यानंतरचे ८४ दिवस मिळून साडेपाच महिने होतात. हंगाम संपवून परतल्यावर एप्रिलच्या मध्यास औषध सुरू केले तर शेवटची चाचणी सप्टेंबरअखेर, म्हणजे टोळ्या पुन्हा निघण्यापूर्वी, होऊन जाते. अर्थात डॉक्टर ताबडतोब सुरू करा म्हणाले तर हंगामाची वाट पाहू नये. औषधाच्या बाटल्या सहसा २८ दिवसांच्या असतात, त्या सोबत नेता येतील का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. मध्येच औषध तोडणे सर्वांत वाईट.

‘नॉन-रिॲक्टिव्ह’ असला तरी

या चाचणीची एक दुसरी मर्यादाही आहे. विषाणू शिरल्यापासून प्रतिपिंडे तयार होण्यास साधारण ८ ते ११ आठवडे लागतात, क्वचित त्याहून अधिक. या काळात चाचणी ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ येते आणि विषाणू मात्र रक्तात असतो. आर.एन.ए. चाचणी त्याला एक-दोन आठवड्यांतच पकडू शकते. डायलिसिसवर असणारे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे अशा काहींच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडे बनतच नाहीत. त्यांच्या बाबतीतही केवळ पहिल्या चाचणीवर विसंबता येत नाही.

रक्तदानाच्या संदर्भात हा काळ फार महत्त्वाचा ठरतो. आपल्या देशातील रक्तपेढ्यांना दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी, सिफिलिस आणि हिवताप यांसाठी तपासणी करावीच लागते. यांतील सी ची सक्ती या शतकाच्या अगदी आरंभी आली. म्हणून त्यापूर्वी बाळंतपणात, अपघातात अथवा शस्त्रक्रियेत ज्यांना रक्त दिले गेले, त्यांनी एकदा तरी ही चाचणी करून घ्यावी. तपासणी असूनही प्रतिपिंडे बनण्यापूर्वीच्या काळातील रक्त निसटू शकते. २०२२ साली नागपुरात थॅलॅसेमिया असलेल्या चार बालकांना रक्त दिल्यानंतर एचआयव्हीची लागण झाल्याचे व त्यांतील एक दगावल्याचे वृत्त आले आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्याची स्वतःहून दखल घेतली. विषाणू वेगळा, परंतु प्रश्न तोच. प्रत्यक्ष विषाणू शोधणारी महागडी ‘नॅट’ तपासणी सर्वच रक्तपेढ्यांत होत नाही. आपल्या धर्मग्रामांत सणानिमित्त रक्तदान शिबिरे होतात. तेथील अर्जावरील प्रश्नांना प्रामाणिक उत्तरे देणे हे दान करण्याइतकेच आवश्यक आहे. केवळ फुकट तपासणी होईल म्हणून कोणी रक्तदान करू नये. ज्याच्या मनात शंका आहे त्याने दवाखान्यात जाऊन चाचणी करावी. एकदा प्रतिपिंडे निश्चित झालेल्या व्यक्तीने, ती पूर्ण बरी झाली असली तरी, रक्तदान करू नये.

आणखी कोणी चाचणी करावी? ज्यांनी वर्षानुवर्षे तापा-अंगदुखीला गावातील अप्रशिक्षित ‘डॉक्टर’कडून सुया टोचून घेतल्या आहेत त्यांनी. सुईशिवाय गुण येत नाही ही आपली समजूत या विषाणूच्या फारच सोयीची आहे. जत्रेत एकाच यंत्राने गोंदवून घेतलेल्यांनी, एचआयव्हीबाधितांनी, आणि विषाणू निश्चित झालेल्या व्यक्तीच्या पती वा पत्नीने. विषाणू असलेल्या मातेची मुले हा स्वतंत्र विषय आहे. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात जातात आणि १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे त्या वयापूर्वी बाळाची पहिली चाचणी ‘रिॲक्टिव्ह’ आली तर ती बहुधा आईची प्रतिपिंडे असतात. प्रत्यक्ष लागण शंभरांत पाच-सहा बाळांनाच होते. स्तनपान थांबविण्याचे कारण नाही. स्तनाग्राला चिरा पडून रक्त येत असेल तेवढे दिवस मात्र काळजी घ्यावी.

हा विषाणू एका ताटात जेवल्याने, हस्तांदोलनाने, मिठी मारल्याने, एकाच पेल्यातून प्यायल्याने पसरत नाही. मिस्सामध्ये शांतीचे अभिवादन करताना हात आखडण्याचे काही कारण नाही. वस्तरा, ब्लेड, नखे कापण्याचे साधन, दात घासण्याचा ब्रश एवढ्याच वस्तू वेगळ्या असाव्यात, आणि त्या तशाही प्रत्येकाच्या वेगळ्याच असाव्यात. विवाहाच्या तयारीत हा प्रश्न आमच्याकडे येतो म्हणून सांगतो : हा आजार ख्रिस्तसभेच्या नियमांप्रमाणे विवाहातील अडथळा नाही. परंतु उभयतांनी एकमेकांपासून तो लपवू नये, आणि दुसरी चाचणी झाल्याशिवाय सोयरीक मोडण्याची भाषाही करू नये. पतिपत्नींमध्ये हा विषाणू संक्रमित होणे विरळा आहे. आणखी एक विनंती प्रार्थनासभा चालविणाऱ्यांना : आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना नावासोबत रोगाचे नाव जाहीर करण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. ती बंद व्हावी.

जे बरे झाले आहेत त्यांच्यासाठी शेवटची बाब. औषधाने विषाणू गेला तरी ठसा राहतो, म्हणून ‘ॲन्टी-एचसीव्ही’ चाचणी पुढेही ‘रिॲक्टिव्ह’च येत राहील. रोग परतला असा याचा अर्थ नव्हे, आणि तीच चाचणी दर वर्षी करून स्वतःला घाबरविण्यात काही लाभ नाही. पुढे पुन्हा धोक्याचा प्रसंग आला, तर नवी लागण होऊ शकते. तेव्हा केवळ आर.एन.ए. चाचणीच उपयोगी पडते. शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा नोकरीच्या तपासणीत हा प्रश्न पुन्हा निघणारच. काही देशांत तर प्रतिपिंडे दिसताच उमेदवारास अपात्र ठरवितात. म्हणून औषध संपल्यानंतरच्या चाचणीचा ‘आढळला नाही’ असा अहवाल जपून ठेवावा, त्याच्या दोन-तीन छायाप्रती काढाव्यात आणि नव्या डॉक्टरांना तो आधी दाखवावा.

दुसऱ्या चाचणीला जाताना पहिला अहवाल, आधार कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी. एकाच वेळी घेतलेल्या रक्तावर दोन्ही चाचण्या होऊ शकतील का, हेही विचारावे. तशी सोय असेल तर दुसरी फेरी वाचते. पालमहून सकाळच्या एस.टी.ने जाणाऱ्यांनी न्याहारी करून निघावे. या चाचणीसाठी उपाशीपोटी राहावे लागत नाही.